राजीनामा दिलाय, पण आधी पत्र पूर्ण वाचा

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "थांब, आईशी बोल" म्हणून फोन सरकवला असता आणि आईने डोळे पुसत ठेवून दिला असता. म्हणून पत्र. हॉस्पिटलचा राजीनामा दिलाय. ३० तारखेला शेवटची ड्यूटी आणि पुढच्याच सोमवारपासून मुंबईत एम.एस्सी. नर्सिंग, दोन वर्षं, मेडिकल सर्जिकल शाखा. फी भरून झाली आहे, तेव्हा "अजून एकदा विचार कर" कुणी म्हणू नये. आत्याला तूर्त काही सांगू नका, तिला मीच सांगेन.

"जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झाला, त्यावरची पोस्ट बेसिक पदवी झाली, अजून किती शिकायचं?" हे बाबा आत्ता म्हणाले असतील. या अभ्यासक्रमाला थेट कुणाला घेतच नाहीत. बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिकला ५५ टक्के, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आणि कमीत कमी एक वर्ष नोकरीचा अनुभव लागतो. माझ्याकडे तो जरा जास्तच साठलाय एवढंच. सरकारी दवाखान्यातल्या अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स, अभ्यासरजा काढून येतात, त्यांतल्या काहींची मुलं कॉलेजात असतात. म्हणजे वर्गात सगळ्यात थोराड मी दिसणार नाही.

आईची भीती वेगळी, की मुलगी पेशंट सोडून कागदात जाणार. तर ऐक. अभ्यासक्रमात शाखेच्या नुसत्या प्रात्यक्षिकाचे, म्हणजे वॉर्डात पेशंटजवळच्या कामाचे, पहिल्या वर्षी ६५० तास आहेत आणि दुसऱ्या वर्षी ९५०. सगळ्या विषयांची थिअरी दोन्ही वर्षांची मिळून ९०० तास. युनिफॉर्मची इस्त्री काही सुटत नाही.

मग नोकरीत राहून का नाही? कारण वॉर्डची सिस्टर इन्चार्ज सिनिऑरिटीने होते. वीस वर्षं उत्तम सलाइन लावणाऱ्या बाईला एक दिवस टेबल-खुर्ची देतात आणि सांगतात, आता ड्यूटी चार्ट काढ. तो कसा काढायचा, हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. बाबा, ही गोष्ट तुमच्याइतकी कुणाला कळणार? चोवीस तास एक नर्स हजर हवी, तर वरवर बघता तीन शिफ्टना तीन नावं पुरेशी वाटतात. पण एक बाई वर्षात येते किती दिवस? ३६५ मधून साप्ताहिक सुट्ट्या ५२ गेल्या. रजा, सणवार, आजारपण मिळून ४० धरा. उरले २७३. ३६५ भागिले २७३ म्हणजे १.३४, गुणिले तीन म्हणजे चार. हजेरीपटावर चार नावं असतील तेव्हा कुठे एक जागा चोवीस तास भरलेली राहते. तीनच मंजूर झाली की चौथीचं काम डबल ड्यूटीतून निघतं, संध्याकाळच्या शिफ्टमधून रात्री नऊला सुटलेली मुलगी सकाळी साडेसातला परत उभी राहते, आणि पहाटे चारला कुणाच्या तरी हातून औषधाचा डोस चुकतो. मेमो तिला मिळतो. चार्ट काढणारीला कुणी विचारत नाही, आणि तिलाही उलट सांगता येत नाही, कारण हा भागाकार तिने कधी कागदावर मांडलेला नसतो. तुम्ही बस डेपोत रजेवरच्यांच्या जागी लागणाऱ्या स्पेअर कंडक्टरवरून साहेबांशी भांडायचात ना, तेच हे. नर्सिंग मॅनेजमेंट हा विषय दुसऱ्या वर्षी आहे. मनुष्यबळ, इंडेंट म्हणजे सामानाची मागणी, बजेट, कामाचं मूल्यमापन, सगळं त्यात. कागदावर मांडलेला आकडा घेऊन अधिसेविकेकडे, म्हणजे मेट्रनकडे, गेलं तर निदान फाइल तरी हलते, तोंडी रडगाण्याने काही हलत नाही.

आई, तुझ्यासाठी पहिल्या वर्षातलं नर्सिंग एज्युकेशन. ते थेट तुझ्या शाळेच्या पाठांच्या टाचण वहीतून उचलल्यासारखं आहे: हेतू, आशय, वेळ, साधनं, मूल्यमापन, उभे रकाने. फक्त हेतूत "विद्यार्थिनींना समजेल" असं लिहिलं की लाल रेघ. "सांगेल", "ओळखेल", "करून दाखवेल" असं डोळ्यांनी पाहता येईल असंच क्रियापद हवं. समजलं की नाही हे तपासणार कसं, हा त्यांचा सवाल, आणि तो रास्त आहे. सूक्ष्मपाठ, म्हणजे शिकवण्याच्या सरावाचे छोटे पाठ, तेही तुमच्याच डी.एड.सारखे: सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं टीका ऐकायची, बारा मिनिटांत पाठ पुन्हा बांधायचा, सहा मिनिटं परत शिकवायचं, सहा मिनिटं परत ऐकायचं. छत्तीस मिनिटं एकाच कौशल्यावर, मग ते नुसतं प्रश्न विचारणं का असेना.

परीक्षा घेणं हे तर आणखी मोठं शास्त्र आहे. प्रात्यक्षिकाला हल्ली टेबलं मांडतात, प्रत्येक टेबलाला ठरावीक मिनिटं, आणि परीक्षकाच्या हातात चेकलिस्ट. आता त्या लिस्टमध्ये एक ओळ अशी असते: "हात धुतले व रुग्णाला प्रक्रिया समजावली." मुलीने हात धुतले, समजावलं मात्र नाही. गुण द्यायचा का? एक परीक्षक देते, दुसरी देत नाही, आणि तीच मुलगी तेच काम करून एकीकडे पास, दुसरीकडे नापास. ओळ मधोमध तोडून दोन करायच्या, इतकाच इलाज. पण लिस्ट बनवणारीला हे माहीत नसल्यामुळे दरवर्षी कुणीतरी रडत घरी जाते.

प्रबंधाचं टेन्शन घेऊ नका. तो बहुतेक वेळा अडतो तो विषय हत्तीएवढा घेतल्यामुळे, नाहीतर क्रम चुकल्यामुळे. आधी आराखडा, मग अभ्यासात कुणाला अपाय होत नाही ना हे बघणाऱ्या एथिक्स कमिटीची लेखी परवानगी, मग प्रश्नावली तज्ज्ञांकडून तपासून घेणं, थोड्या लोकांवर चाचणी, आणि त्यानंतरच खरी माहिती गोळा करायची. परवानगीच्या तारखेआधी भरून घेतलेले फॉर्म रद्दीत. मी छोटासा विषय धरलाय, शिफ्ट बदलताना पुढच्या नर्सला पेशंटची माहिती देताना काय काय राहून जातं त्याचा.

पुढचंही आत्ताच सांगून टाकते, नंतर फसवलं म्हणू नका. पास झाल्यावर बहुधा ट्यूटर म्हणून सुरुवात, असिस्टंट प्रोफेसर व्हायला तीन वर्षांचा शिकवण्याचा अनुभव. प्रिन्सिपॉलला एकूण पंधरा वर्षं लागतात, त्यातली बारा शिकवण्याची, तेव्हा आईने शेजारी आताच सांगत सुटू नये. खासगी कॉलेजात सुरुवातीचा पगार आजच्यापेक्षा कमीही असू शकतो. चालेल मला. वॉर्ड न बघता पुस्तकातून सलाइन शिकवणाऱ्या बाई आम्हाला मिळाल्या होत्या, तशी एक तरी कमी होईल.

आता राहण्याचं. हॉस्टेलमध्ये खोलीत दोघी, खिडकी आहे, पंखा चालतो, गरम पाणी सकाळी येतं. मेसच्या डाळीत हळदीशिवाय काही नसतं म्हणतात, तेव्हा आईने मेतकूट आणि लसणाची चटणी द्यावी. लाडू नकोत. बरं, दे. दोन वर्षांचा खर्च मी बाजूला काढून ठेवलाय आणि बाबांच्या पेन्शनला हात लागणार नाही. दर महिन्याला घरी येणं मात्र जमणार नाही, आणि हे लिहिताना हात थांबतो. मला अजून डेपोतलं ते बाकडं आठवतं. पाय जमिनीला टेकायचे नाहीत आणि तुमची टोपी माझ्या डोळ्यांवर यायची. शेवटची गाडी सुटेपर्यंत मी तिथंच झोपायचे. दादाला सांगितलंय रविवारी येत जा म्हणून. तो "बरं" म्हणाला, म्हणजे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यामुळे खालचं नीट वाचा आणि हा कागद फ्रिजला लावा.

बाबा, चालू असलेलं इन्सुलिनचं पेन उघडल्यावर अठ्ठावीस दिवस, पुढे उरलं तरी टाकायचं. उघडल्याची तारीख पेनवर लिहा. सुई दर वेळी नवी, जागा दर वेळी बोटभर सरकवून. घाम फुटला, हात थरथरले तर आधी साखर मोजायचं मशीन लावा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. मशीन हाताशी नसेल तर शोधत बसू नका, साखर घ्या. जिलबी हे त्यावर औषध नाही.

आई, थायरॉइडची गोळी उठल्याबरोबर नुसत्या पाण्याने, चहा त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब, तेव्हा ती दुपारी जेवल्यावर घे. दोन्ही एकदम घेतेस म्हणूनच रिपोर्ट सुधारत नाही, डॉक्टरांना बोल लावू नकोस. बीपी मोजायच्या आधी पाच मिनिटं गप्प बसायचं. गप्प म्हणजे गप्प.

रागावला असाल तर शनिवारपर्यंत रागवा. रविवारी सकाळी फोन करेन तेव्हा दोघांनी घ्या.

तुमची,
चिमी

ता. क. – नवीन इन्सुलिनची पेनं फ्रिजच्या फ्रीझरला चिकटून ठेवलेली मागच्या वेळी पाहिली होती. गोठलेलं पुन्हा चालत नाही. आजच मधल्या कप्प्यात ठेवा. आणि आई, माळ्यावरच्या ट्रंकेतल्या तुझ्या दोन टाचण वह्या चटणीबरोबर पाठव.