उंदीर पळवणाऱ्या यंत्रांच्या दाव्यांना आळा घाला

महोदय,
रामबागेतल्या आमच्या जुन्या घरात उंदरांचा उच्छाद होता, म्हणून प्लगमध्ये खोचायचं अल्ट्रासॉनिक (माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने उंदीर पळवतो म्हणणारं) यंत्र ६९९ रुपयांना आणलं. आठव्या दिवशी सकाळी बघते तर त्याच्याच खाली पोह्यांची पिशवी कुरतडलेली, बाजूला लेंड्या! २० किलोहर्ट्झच्या वरचा हा आवाज भिंतीपलीकडे, कपाटामागे पोचत नाही; उंदीर थोडे दिवस बिचकतात, मग सरावतात. ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने २००१ मध्येच अशा यंत्रांच्या ६०हून अधिक उत्पादक-विक्रेत्यांना ताकीद दिली होती. मग आपल्याकडे खोक्यावर ‘शंभर टक्के खात्री’ छापू का देतात? पेन्शनीतले पैसे आहेत हो हे! शेवटी मोरीच्या पाइपाभोवतीची फट जाळी कोंबून सिमेंटने बुजवली. तेव्हापासून खुडबुड बंद आहे.

– एक ज्येष्ठ वाचक, इंदूर