लग्नाच्या जुन्या नोंदी नावाने सापडू द्या, आणि माहेरच्या नावानेही

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

सिंहस्थाच्या कामांच्या बातम्या रोज वाचतेय. घाट, पूल, रस्ते, पार्किंग सगळं येतं तुमच्या पेपरात आणि यायलाच पाहिजे. पण रामकुंडाच्या आसपास गुरुजींच्या घरी ज्या नामावळीच्या वह्या आहेत, आणि सरकारी ऑफिसांत लग्नाची जी जुनी रजिस्टरं पडलेली आहेत, त्यांच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही म्हणून म्हटलं आपणच लिहावं. पत्र लांबलंय, काटछाट करा हवी तर, फक्त बायकांच्या नावाचा मुद्दा तेवढा कापू नका.

बँकेतून रिटायर झाल्यावर घरची वंशावळ काढायचं मनात घेतलं. पुरुषांच्या बाजूचं काम त्यामानाने सोपं निघालं. रामकुंडावर आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की तुमचे गुरुजी कोण ते कळतं, मग ते बरोबर ती वही काढतात, पणजोबा कधी येऊन गेले, बरोबर कोण भाऊ होते, मुलं किती, कधीकधी तर त्यांच्याच हातची सही. सातबाऱ्याचे जुने फेरफार काढले की वारसांची नावं ओळीने मिळतात. पण बाईचा शोध घ्यायला जा, तिथेच गाडी अडते. आजी म्हणजे फेरफारात "मयताची विधवा" आणि वहीत फक्त सासरचं नाव. आपल्याकडे तर लग्नात पहिलं नावसुद्धा बदलायचे, ताटातल्या तांदळात अंगठीने नवीन नाव लिहिलं की माहेरची चिंधू सासरची सरस्वती झाली, वडलांच्या जागी नवऱ्याचं नाव आलं, आडनाव बदललं, म्हणजे तिन्हीच्या तिन्ही शब्द गेले. आता हे माणूस कागदावर शोधायचं कसं? दोन्हीकडची नावं एकत्र लिहिलेला कागद जवळपास एकच असतो, तिच्या लग्नाचा.

बरं, हा कागद आपल्याकडे असतो का, तर असतो पण विखुरलेला. मुंबई राज्याचा विवाह नोंदणीचा कायदा १९५३ चा, हिंदू विवाह कायदा १९५५ चा, त्याच्याही आधी ख्रिश्चन लोकांसाठी १८७२ चा आणि पारशी लोकांसाठी १८६५ चा होता. आता जी आपण नमुना ड भरून नोंदणी करतो ती महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याने, शहरात महापालिकेच्या विभागीय ऑफिसात आणि खेड्यात ग्रामपंचायतीत. तरीपण लोक कुठे करत होते, पासपोर्ट किंवा व्हिसा लागला की धावपळ. २००६ साली सुप्रीम कोर्टाने सगळ्या धर्मांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करा असं राज्यांना सांगितलं तेव्हापासून जरा शिस्त आली. म्हणजे जुन्या पिढीच्या नोंदी कमी असणार हे मला माहितीय. पण ज्या आहेत त्या तरी सापडाव्यात की नाही?

माझं म्हणणं एवढंच आहे. रजिस्टर आहे, पण ते तारखेने लावलेलं आहे, नावाने नाही. तुम्ही काउंटरवर गेलात की पहिला प्रश्न, नोंदणीची तारीख सांगा. अहो तारीखच माहीत असती तर मी आले कशाला असते. (कुठलं ऑफिस ते लिहीत नाही, कर्मचारी बिचारे चांगले होते, त्यांच्यासमोरही तेच रजिस्टर आणि तीच अडचण.) त्यात अजून एक गंमत म्हणजे लग्नाची तारीख वेगळी आणि नोंदणीची वेगळी, लग्न १९७४ चं आणि नोंद मुलाकडे अमेरिकेला जायचं ठरलं तेव्हाची, त्यामुळे लग्नाच्या वर्षाची पानं चाळून काहीच हाती लागत नाही. कायद्यात तर स्पष्ट आहे, हिंदू विवाह कायद्याच्या कलम ८ मध्येच लिहिलंय की हे रजिस्टर वाजवी वेळेत कोणालाही बघायला खुलं असावं आणि फी भरून त्याचा प्रमाणित उतारा मिळावा. खुलं आहे हो, पण नावाची सूची नसेल तर ते खुलं असून उपयोग काय.

आता बाहेर काय चालतं बघा. इंग्लंडमध्ये १ जुलै १८३७ पासून लग्नाची सरकारी नोंद होते आणि तिची नावानुसार सूची १९८३ पर्यंत दर तीन महिन्यांची निघायची. सुरुवातीला त्या सूचीत फक्त ज्याचं त्याचं नाव, जिल्हा, खंड आणि पान नंबर असायचा, जोडीदार कोण ते नसायचंच. मग लोक काय करायचे, नवऱ्याचं नाव शोधून त्याचा पान नंबर घ्यायचे आणि त्याच पान नंबरवर कोणती बाई आहे ते बघत बसायचे, एका पानावर दोन-चार लग्नं असली की अंदाज बांधायचा. १९१२ पासून जोडीदाराचं आडनाव शेजारीच छापायला लागले आणि काम एकदम सोपं झालं. पुढे १९९८ मध्ये फ्रीबीएमडी नावाचा उपक्रम सुरू झाला, त्यात घरी बसलेल्या हौशी लोकांनी ती सगळी जुनी सूची कॉम्प्युटरवर टाइप करून काढली, आज ती फुकट शोधता येते. अमेरिकेत इलिनॉय राज्याची १७६३ ते १९०० ची लग्नांची सूची अशीच आहे, वराच्या नावाने शोधा नाहीतर वधूच्या.

आणि सगळ्यात टोचणारी गोष्ट ही की आपल्या नाशिकच्याच काही लग्नांची अशी सूची आहे! फक्त ती लग्नं आपली नाहीत. देवळालीला गोऱ्या पलटणींचा कॅम्प होता, इगतपुरीला रेल्वेतल्या इंग्रज आणि अँग्लो इंडियन लोकांची वस्ती होती, त्यांची चर्चमधली लग्नं तिथल्या रजिस्टरात लिहिली जायची आणि त्याची एक प्रत मुंबईमार्गे लंडनला जायची. मुंबई इलाख्याचे ते सगळे खंड आज ब्रिटिश लायब्ररीत एन/३ नंबराखाली आहेत, आणि फॅमिलीसर्च या साइटवर भारतातल्या लग्नांची १७९२ ते १९४८ ची सूची आहे ती बहुतेक अशाच नोंदींची. म्हणजे १८९० साली देवळालीत लग्न केलेल्या एखाद्या सोल्जरची पणती लीड्समध्ये बसून संध्याकाळच्या चहाबरोबर त्याचं लग्न शोधू शकते, नि मला सिन्नर नाहीतर निफाड तालुक्यातली माझी पणजी शोधता येत नाही. शरणपूरचंही तसंच. १८५४ मध्ये मिशनऱ्यांनी ते गाव वसवलं, गुलामांच्या जहाजांवरून सोडवून आणलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकली, आफ्रिका धुंडाळणारा इंग्रजांचा प्रवासी लिव्हिंगस्टन, त्याचा मृतदेह आफ्रिकेतून परत नेणाऱ्यांत असलेला जेकब वेनराइट त्यातलाच, आणि त्या नाशिकच्या मुलांपैकी बरेच जण पुढे मोंबासाजवळ जाऊन राहिले. त्यांचे वंशज आज केनियात आहेत, त्यांनाही नाशिकचे कागद लागतात. आपल्याच शहरातल्या लोकांना हे माहीत नाही.

कोणी म्हणेल एवढं मोठं काम सरकार कसं करणार. झालंय की आत्ताच! २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली आणि कुणबी नोंदी शोधायला तहसीलची दप्तरं उघडली, कोतवाल बुकं (गावातल्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदींची), शाळांची जनरल रजिस्टरं, मोडीतले कागद, सगळं बाहेर आलं, मोडी वाचणारे शोधून आणले, पानं स्कॅन झाली. आरक्षणाच्या वादात मला पडायचं नाही. पण त्या वेळी डोळे फक्त एका शब्दावर होते, जातीच्या रकान्यावर. त्याच ओळीत बापाचं नाव होतं, गाव होतं, ते तसंच राहिलं. स्कॅन म्हणजे फोटो, फोटोत नाव टाइप करून शोधता येत नाही, कोणीतरी ते वाचून रकान्यात भरावं लागतं. हे भरण्याचं काम राहिलंय आणि ते महागडं नाही, फक्त कंटाळवाणं आहे.

भरताना काय भरायचं यावर जरा जास्त लिहिते कारण इथे चुकलं तर सगळी मेहनत पाण्यात. वधूचं लग्नाआधीचं पूर्ण नाव आणि तिच्या वडलांचं गाव हा रकाना हवाच हवा आणि सूची त्या नावानेही लागली पाहिजे, नुसती वराच्या नावाने लावली तर पुन्हा तेच. साक्षीदारांची नावंपण घ्या, साक्षीदार बहुतेक मामा नाहीतर काका असतो आणि तिथूनच पुढचा धागा मिळतो. जुन्या कागदांत आडनाव नसतंच बऱ्याचदा, नाव, बापाचं नाव आणि गाव, बस, म्हणून गावानेही शोधता यावं. नासिक, नाशिक, नाशीक तिन्ही लिहिलेलं सापडतं, इंग्रजीत तर विचारूच नका, तेव्हा कागदावर जसं असेल तसंच उतरवा आणि आजचं रूप शेजारच्या रकान्यात द्या, सुधारून लिहू नका. आणि तारखा! लग्नपत्रिकेवर शके असतं, लोक सरसकट ७८ मिळवतात. चैत्र ते डिसेंबर ठीक आहे, पण जानेवारी ते फाल्गुन अखेर ७९ मिळवावे लागतात. शके १८५१ च्या माघात झालेलं लग्न १९२९ चं नाही, १९३० चं. हे उदाहरण मुद्दाम दिलं, कारण सारडा कायदा १ एप्रिल १९३० ला लागू झाला, मुलीचं वय १४ हवं असा, आणि त्याच्या आधी देशभर लोकांनी घाईघाईने पोरींची लग्नं उरकून घेतली. घरात कोणी म्हणत असेल ना की पणजीचं लग्न आठव्या वर्षी झालं, तर आधी शके १८५१ चा माघ-फाल्गुन बघा.

सूची म्हणजे पुरावा नाही हेही लोकांना सांगायला हवं. सूचीत नाव दिसलं की लगेच झाडाला चिकटवून मोकळे होतात, एकाच नावाचे आणि एकाच बापाच्या नावाचे दोन माणसं शेजारच्या दोन गावांत असू शकतात. मूळ पान काढायचं, वय, गाव, साक्षीदार जुळतात का बघायचं, मगच लिहायचं.

प्रायव्हसीचा प्रश्न कोणीतरी काढणारच, आणि बरोबर आहे, नमुना ड मध्ये पत्ते, फोटो सगळं असतं, ते इंटरनेटवर टाका असं मी म्हणतच नाहीये. स्कॉटलंडमध्ये लग्नाची नोंद ७५ वर्षांनी ऑनलाइन दिसते, जन्माची १०० आणि मृत्यूची ५० वर्षांनी. आपणही तसंच करावं, ७५ च्या अलीकडच्या नोंदींची सूची फक्त ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ठेवा, नातेवाईक असल्याचं दाखवलं तर शोधून द्या.

रामकुंडाच्या आणि त्र्यंबकेश्वरच्या वह्या ही मात्र त्या त्या घराण्याची मालमत्ता आहे, त्यांचा चरितार्थ त्यावर चालतो, तिथे सरकारने घुसू नये असं माझं स्पष्ट मत. त्यांना स्वतःहून स्कॅन करायचं असेल तर मदत द्यावी, प्रत त्यांच्याकडेच राहावी. हरिद्वारच्या पंडांच्या वह्यांचे मायक्रोफिल्म अमेरिकेतल्या एका सोसायटीने कधीच करून नेले, आपल्याकडेही बाहेरच्यांनी येऊन करण्याची वाट बघायची का?

तोपर्यंत घरातल्या घरात एक होऊ शकतं. माझ्या आजीचं माहेर मला शेवटी कुठल्या ऑफिसात मिळालं नाही, चुलतभावाकडच्या आहेराच्या वहीत मिळालं. कोणी किती दिले, खण की लुगडं की रोख, आणि नावापुढे गाव. "मामाकडून" म्हणून जी ओळ होती तिच्यापुढे चांदोरी लिहिलं होतं, आणि तिथून दोन पिढ्या उलगडल्या. अशा वह्या रद्दीत जातात हो दर दिवाळीला. लग्नपत्रिका पण, त्यात तर आपले विनीत म्हणून अख्खी भावकी छापलेली असते.

म्हणून महापालिकेला विनंती की एकाच विभागीय ऑफिसापासून, पंचवटी म्हणा नाहीतर नाशिकरोड, नावांची सूची करायला घ्या, कॉलेजची मुलं आणि आमच्यासारखे रिकामटेकडे रिटायर लोक टायपिंगला येतील, मी स्वतः येईन. आणि तुम्हाला विनंती की पेपरातून वाचकांना सांगा, १९६० च्या आधीची पत्रिका किंवा आहेराची वही घरात असेल तर मोबाईलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा आणि घरातलं जे म्हातारं माणूस आहे त्याच्याकडून कोण कोणाचं कोण ते फोटोखाली लगेच लिहून घ्या.

आपली,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक