आम्हाला बोलतं करणाऱ्या बाईंना

प्रिय बाई,
सप्रेम नमस्कार.

परक्या देशात घरकाम, साफसफाई, आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्या आम्हा बायकांना तुम्ही एक पैसाही न घेता इंग्रजी शिकवलंत. तुम्ही स्वतःहून हे कुणाला सांगणार नाही, म्हणून मी सगळ्यांसमोर लिहिते आहे.

याआधीही शिकायला गेलो होतो. पण वर्ग भरायचे नेमके आमच्या कामाच्या वेळी, आणि सुरुवात व्हायची ती व्याकरणापासून. तुम्ही आमच्या सुट्टीचा दिवस धरलात. पहिल्या दिवशी एवढंच विचारलंत, "कामावर कुठे अडतं?" पगाराची पावती, औषधाच्या बाटलीवरचा मजकूर, मुलांच्या शाळेतून येणारा फोन, जे जे सांगत गेलो तोच अभ्यासक्रम झाला. १९६३ मध्ये ब्राझीलमध्ये शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेइरे यांनी मजुरांना त्यांच्याच रोजच्या शब्दांतून लिहायला-वाचायला शिकवलं, हे नंतर तुमच्याचकडून कळलं.

फिफ्टीन आणि फिफ्टी यांवर तुम्ही एक अख्खा तास घालवलात. एकात जोर शेवटी, दुसऱ्यात सुरुवातीला. तरी शंका आली तर "वन फाइव्ह की फाइव्ह झीरो?" असं विचारायचं. ज्यांची मजुरी तासांवर ठरते त्यांना हा गोंधळ परवडत नाही. ब्लीच आणि अमोनिया असलेलं क्लीनर एकत्र केलं की विषारी वायू तयार होतो, हे डब्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं. आमच्यातल्या कितीतरी जणी ते डबे रोज हाताळत होत्या आणि त्यांना हे कुणी तोंडी सांगितलंही नव्हतं.

पण मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो दवाखान्याचा धडा. इंग्रजी शिकवणाऱ्या तुम्हीच सांगत होतात, की आजारपणात मोडक्यातोडक्या इंग्रजीवर निभावून नेऊ नका, सरळ "आय नीड ॲन इंटरप्रिटर" म्हणा. आमच्यात बऱ्याच जणींची मुलंच आईची दुभाषी असतात. दहा-बारा वर्षांच्या मुलीने आईच्या अंगावरून जाण्याबद्दल डॉक्टरांशी बोलायचं, याची लाज आईलाही वाटते आणि लेकीलाही. शिवाय लेकीला जे सांगायला जड जातं ते ती गाळते, आणि डॉक्टरांना अर्धंच कळतं. दुभाष्या मागणं म्हणजे हार नव्हे, हे तुम्ही इतक्या ठामपणे सांगितलंत की आता आमच्यातल्या बायका संकोच न करता मागतात.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०११ च्या १८९ क्रमांकाच्या करारात घरकामगाराला स्वतःचा पासपोर्ट स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क दिला आहे. तो करार सगळ्या देशांनी स्वीकारलेला नाही, हेही तुम्ही लपवलं नाहीत. मग "आय वुड लाइक टू कीप माय पासपोर्ट" हे वाक्य प्रत्येकीकडून म्हणून घेतलंत. खाली बघून नाही, समोर बघून. दिवसभर "येस मॅडम"च म्हणणाऱ्या बायकांना ते किती अवघड गेलं, तुम्ही पाहिलंच आहे.

आणि तुमची शिकवण्याची रीत! बोलणारीला मध्येच अडवायचं नाही, तिचं वाक्य पुरं होऊ द्यायचं, मग तेच वाक्य नीट करून सहज आपण म्हणायचं. चूक कळायची, पण चारचौघींत मान खाली जायची नाही. त्यामुळेच मागच्या रांगेतल्याही बोलायला लागल्या.

पुढच्या वर्गासाठी नावं जमली आहेत. रात्रपाळीच्या बायकाही विचारत आहेत. त्यांच्यासाठी सकाळचा एखादा वर्ग जमेल का? नव्या बायकांची अक्षरओळख, आकडे आणि फोनवर नाव-पत्ता सांगण्याचा सराव आम्ही जुन्या जणी करून घेऊ. त्यापुढचं तुम्ही शिकवा.

मनापासून आभार, बाई.

तुमच्या वर्गातली एक विद्यार्थिनी