जिवाणू आत कसे शिरतात आणि आमच्याकडची माणसं कशी आहेत

पॅरिस,
नोव्हेंबर

ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

रविवारी फोनवर तू विचारलंस, "तिथली माणसं कशी आहेत गं? सांभाळून घेतात ना?" आणि मागून पिंकी ओरडली, "आत्या, बॅक्टेरिया पेशीच्या आत कसे जातात ते एकदा नीट सांग, परीक्षेला आहे." तुला मी "छान आहेत" म्हटलं, तिला "नंतर सांगते" म्हटलं आणि फोन ठेवला. पण मनाचं समाधान झालं नाही. ही दोन्ही उत्तरं माझ्यापुरती एकमेकांत गुंतलेली आहेत आणि फोनवर ती सुटी होत नाहीत. म्हणून आज सावकाश लिहायला बसले. पत्र पिंकीला दे, पण आधी तू वाच. सारं आयुष्य वॉर्डात काढलेल्या बाईला यातलं निम्मं न सांगताच कळेल.

सुरुवात तुझ्या जेंटापासून करते. जेंटामायसिनची इंजेक्शनं तू किती दिली असशील! त्या औषधाचं एक आहे, ते आपल्या पेशींच्या आत फारसं शिरत नाही. टायफॉइडचे जंतू काचेच्या बशीत वाढवले तर जेंटाने मरतात, पण पेशंटला त्याचा उपयोग होत नाही, कारण ते जंतू पेशींच्या आत जाऊन राहिलेले असतात. दवाखान्यात ही औषधाची उणीव ठरते. आमचं मात्र सगळं काम तिच्यावरच चालतं.

आमच्या प्रयोगाला शहाण्णव खळग्यांची, तळहाताएवढी प्लास्टिकची प्लेट लागते. प्रत्येक खळग्याच्या तळाशी माणसाच्या आतड्यासारख्या पेशींचा एक थर वाढवलेला असतो. त्यावर लिस्टेरिया नावाचे जिवाणू घालायचे, तासभर ३७ अंशांवर ठेवायचं, मग धुऊन जेंटा घालायचं. बाहेर राहिलेले सगळे मरतात, आत शिरलेले तेवढे वाचतात. नंतर जेंटा धुऊन काढायचं आणि पेशी साबणासारख्या द्रावणाने फोडायच्या. ते पाणी दहापट, शंभरपट, हजारपट पातळ करत न्यायचं, अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीवर, पसरायचं आणि इन्क्युबेटरमध्ये ठेवून घरी जायचं. सकाळी अगारवर पांढरट ठिपके उठलेले असतात. आत शिरलेल्या एकेका जिवाणूपासून एकेक ठिपका. ते मोजायचे. ऐकायला किती सोपं वाटतं! पण पेशी एकीने वाढवलेल्या, जिवाणू दुसरीने वाढवलेले, जेंटा तिसऱ्याने घातलेलं आणि मोजणारी चौथी. शेवटी कागदावर जो आकडा येतो, तो या चौघांचा असतो.

आता पिंकीचा प्रश्न. लिस्टेरिया पेशीवर जबरदस्ती करत नाही, पेशीनेच आपल्याला आत घ्यावं अशी व्यवस्था करतो. आतड्यातल्या पेशी एकमेकींना ई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाने घट्ट धरून असतात. लिस्टेरियाच्या अंगावर इंटर्नॅलिन ए नावाचं प्रथिन असतं. ते १९९१ साली इथे पॅरिसमध्येच सापडलं आणि १९९६ साली पास्कल कोसार यांच्या गटाने दाखवून दिलं, की ते नेमकं या ई-कॅडहेरिनला चिकटतं. एकदा चिकटलं, की पेशीचं आवरण जिवाणूच्या अंगालगत सरकत सरकत त्याला पूर्ण लपेटून घेतं. हिला झिपर पद्धत म्हणतात.

यातलं मला सगळ्यात आवडतं ते उंदरांचं कोडं. उंदरांना लिस्टेरिया तोंडावाटे दिला तर आतड्यातून तो फारसा आत जातच नसे, आणि असं का ते कळत नव्हतं. १९९९ साली उलगडा झाला. माणसाच्या ई-कॅडहेरिनमध्ये सोळाव्या जागेवर प्रोलीन हे अमिनो आम्ल असतं, उंदराच्या त्याच जागेवर ग्लुटामिक आम्ल. एवढ्या एका फरकामुळे इंटर्नॅलिनला पकडच मिळत नाही. गिनीपिगच्या त्या जागी मात्र प्रोलीन आहे, म्हणून गिनीपिगला तोंडावाटेही लागण होते. पिंकी, ही सोळावी जागा पेपरात लिही, बाई खूश होतील.

साल्मोनेलाची, म्हणजे टायफॉइडच्या जंतूच्या कुळाची, तऱ्हा अगदी वेगळी. त्याच्याकडे सुईसारखी एक यंत्रणा असते. पेशीला टेकला, की त्या सुईतून तो आपली प्रथिनं थेट पेशीच्या आत सोडतो. ती प्रथिनं पेशीच्या आतला अ‍ॅक्टिनचा सांगाडा हलवून सोडतात आणि पेशीचं आवरण परकराच्या झालरीसारखं उसळून वर येतं. त्या उसळीत जिवाणू आत ओढला जातो. पहिल्यांदा मायक्रोस्कोपखाली हे पाहिलं तेव्हा मी खुर्चीवरून उठलेच नाही. आणि खरी कमाल पुढे आहे. आत शिरल्यावर एसपीटीपी नावाचं त्याचंच आणखी एक प्रथिन तो सगळा गोंधळ थांबवतं आणि पेशीचा सांगाडा पुन्हा होता तसा बसवतं. पेशी जगली तरच याला आत राहायला जागा, म्हणून ही काळजी.

शिरण्याचा हा गुण एका जिवाणूतून काढून दुसऱ्यात घालता येतो, हे पहिल्यांदा सिद्ध झालं ते १९८५ साली अमेरिकेत. राल्फ इस्बर्ग आणि स्टॅनली फाल्को यांनी येर्सिनिया नावाच्या जिवाणूच्या डीएनएचे तुकडे साध्या, निरुपद्रवी ई. कोलायमध्ये घातले. हा ई. कोलाय एरवी पेशीत जात नाही. पण एक तुकडा मिळालेला ई. कोलाय गेला! एका जनुकाने न शिरणाऱ्याला शिरायला शिकवलं. त्या प्रथिनाचं नाव इन्व्हेसिन. आमच्या या सगळ्या विषयाचं मूळ मला तरी त्या प्रयोगात दिसतं.

आता तुझा प्रश्न.

आमच्या लॅबमध्ये एक टेक्निशियन आहे, फ्रान्सच्या ब्रेतान्य भागातली, वयाने तुझ्याएवढी. इथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, पण मनात मी तिला मावशीच म्हणते. फार बोलत नाही. ती काय करते सांगू? प्लेटा मोजायला माझ्यासमोर येण्याआधी ती त्यांच्यावरची नावं झाकते आणि नुसते आकडे लिहिते. कुठल्या आकड्याच्या प्लेटवर साधा लिस्टेरिया आणि कुठल्यावर इंटर्नॅलिन ए काढून टाकलेला, ते तिच्याकडच्या बंद पाकिटात असतं. मोजून झालं, आकडे शाईने वहीत उतरले, की मगच पाकीट उघडायचं. कारण माणसाला जे हवं असतं तेच त्याला दिसतं. दोन ठिपके चिकटलेले असतील तर त्यांना एक म्हणायचं की दोन, हे मन आपल्या सोयीने ठरवतं. तिने हे मला कधी समजावून सांगितलं नाही. पहिल्याच आठवड्यात पाकीट पुढे ठेवलं, बस्स.

उन्हाळ्यात आमच्याकडे एक विद्यार्थिनी होती. तिच्या प्रयोगात इंटर्नॅलिन नसलेले जिवाणू काही खळग्यांत भलतेच जास्त शिरलेले दिसले. बाकी सगळं अगदी हवं तसं होतं. ती म्हणाली, हे थोडेसे आकडे सोडून देऊ, कुणाला काय कळणार. मावशीने तिला शेजारी बसवलं आणि म्हणाली, सोडायचे नाहीत, खळगा कितवा होता तेही लिही. पुढच्या वेळी पुन्हा तसंच झालं. खळग्यांच्या जागा मांडून पाहिल्या, तर सगळे वाढीव आकडे प्लेटच्या खालच्या एकाच ओळीतले! मग आठ तोंडांची पिपेट तपासली. तिच्या शेवटच्या तोंडाचं सील सैल झालेलं होतं आणि त्या ओळीत जेंटा कमी पडत होतं. बाहेरचे जिवाणू मेलेच नव्हते, आणि आम्ही त्यांना आत शिरलेले म्हणून मोजत होतो. ते आकडे त्या दिवशी गाळले असते, तर पिपेट तशीच राहिली असती आणि पुढे सगळ्यांचंच काम नासलं असतं. ती मुलगी आता जिथे गेली आहे, तिथून मावशीला अजून मेल करते.

चांगला सहकारी कोण, असं मला आता कुणी विचारलं तर मी हेच सांगेन, की ज्याचं लिहिलेलं डोळे मिटून पुढे नेता येतं तो. गोड बोलणारे पुष्कळ असतात. इथे येण्याआधी मी जिथे होते तिथेही होते. सगळे हसून बोलायचे, वाढदिवसाला केक कापायचे, आणि कुठल्या बाटलीत नेमकं काय आहे हे मात्र ज्याचं त्याला माहीत. एक जण सोडून गेला आणि त्याच्यामागे फ्रीजरमध्ये नुसती आद्याक्षरं लिहिलेल्या नळ्या उरल्या. त्या कुणालाच वापरता आल्या नाहीत, शेवटी टाकून द्याव्या लागल्या. कुणाचा तरी कित्येक महिन्यांचा जीव त्यात गेला होता. मला अजून वाईट वाटतं.

सांभाळून घेतात का, विचारलंस ना? एक सांगते. माझ्या शेजारच्या टेबलावर ट्युनिशियाची एक मुलगी काम करते. या वर्षी तिला दिवस गेले. लिस्टेरियाचं गर्भवतीशी मोठं वैर आहे. तो आतड्यातून रक्तात आणि तिथून वारेत (प्लॅसेंटात) जातो. आईला जेमतेम ताप येतो आणि बाळ मात्र जातं, किंवा अपुऱ्या दिवसांचं जन्मतं. वारेत शिरायला त्याला इंटर्नॅलिन ए आणि बी ही दोन्ही प्रथिनं लागतात, हे २००८ साली कळलं. शिवाय हा फ्रीजच्या थंडीतही वाढतो, म्हणून इथले डॉक्टर गर्भवतींना कच्च्या दुधाचं चीज खाऊ नका म्हणून बजावतात. त्यामुळे तिने बातमी सासरी-माहेरी कळवण्याआधी आमच्या मॅडमना सांगितली, आणि त्याच दिवसापासून तिचं लिस्टेरियाचं काम बंद झालं. तिचा प्रयोग अर्ध्यावर होता. कुणी मीटिंग घेतली नाही, कुणी वाटणी केली नाही. संध्याकाळपर्यंत फळ्यावर तिच्या प्रत्येक दिवसापुढे कुणी ना कुणी आपलं नाव लिहिलेलं होतं. आम्ही जिवाणू हाताळायचो, ती लांबच्या खोलीत बसून आकडे मांडायची. तक्ते तयार झाले तेव्हा त्यांवर पहिलं नाव तिचंच होतं, त्यावर चर्चासुद्धा झाली नाही. मुलगी झाली तिला. दोघी खुशाल आहेत.

परळचं हाफकिन तुला माहीतच आहे. ज्यांच्या नावाची ती संस्था, ते वाल्डेमार हाफकिन इथे पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून हिंदुस्थानात गेले. १० जानेवारी १८९७ ला मुंबईत प्लेगची लस त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे १९०२ साली पंजाबातल्या मुल्कोवाल गावात त्या लशीची एक बाटली वापरलेली १९ माणसं धनुर्वाताने गेली. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांचं पद गेलं. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला, ही गोष्ट जबाबांत होती, तरी तिच्याकडे कुणी धड बघितलं नाही. मलेरियावरच्या कामासाठी नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस आणि इतर काही शास्त्रज्ञांनी ते जबाब पुन्हा वाचून जाहीर पत्र लिहिलं, तेव्हा कुठे १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. पाच वर्षं गेली त्या माणसाची. मला यात दोन माणसं सारखी दिसतात. एक तो, ज्याने चिमटा पडल्याचं सांगितलं आणि ते कागदावर आलं. दुसरा रॉस, ज्याला स्वतःच्या नावाची काही कमी नव्हती, तरी तो दुसऱ्यासाठी जुने कागद चाळत बसला. (पिंकी, धनुर्वाताचा जंतू पेशीच्या आत शिरत नाही बरं. तो जखमेतच राहतो, त्याचं विष तेवढं मज्जातंतूंतून वर चढतं. बहुपर्यायी प्रश्नात इथेच फसवतात.)

आता तुझ्याकडे एक काम आहे. जानेवारीपासून आमचा नवा प्रयोग सुरू होतोय. त्यात रात्री एकीने लावलेलं पहाटे दुसरीने उघडायचं आहे आणि दोघींची गाठ पडणार नाही. मावशी त्यासाठी वेगळी वही आखते आहे. तुमच्याकडे पाळी बदलताना चार्ज कसा द्यायचे, ते मी तिला थोडंफार सांगितलं, तर ती म्हणाली आईला विचारून नीट लिहून आण. तोंडी काय सांगायचात, रजिस्टरमध्ये काय लिहायचात, सही देणारीची की घेणारीची की दोघींची, आणि एखादं औषध द्यायचं राहिलं तर ते कुठे नोंदवायचात, हे सगळं आठवून लिही. सुवाच्य लिही, मी तिला फ्रेंचमध्ये करून देणार आहे.

बाबांना सा. न., दादा-वहिनींना नमस्कार. तुझ्या गुडघ्याचं कसं आहे तेही त्याच पत्रात कळव.

तुझी,
धाकटी