पहिलं गिऱ्हाईक कोण होतं?

कोल्हापूर,
रविवार रात्र

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "हॉटेलवाल्यांशी बोलून तुला मिळतंय काय?" तेवढ्यात तिकडे बाळ उठलं आणि बोलणं राहून गेलं. उत्तर फोनवर मावण्यासारखं नाही, म्हणून पत्र लिहितेय. वहिनीला मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. आईचा चष्म्याचा नंबर वाढलाय आणि ती ते कबूल करत नाहीय, हे मला इथं बसून कळतं.

पैसे मिळत नाहीत, हे आधी सांगते. नोकरी व्यवस्थित चालू आहे. शनिवार-रविवार माझे असतात, ते मी हॉटेलवाल्यांच्या मुलाखतींच्या या पॉडकास्टला देते. रेकॉर्डर आणि दोन कॉलर माईक घेतले, एवढाच खर्च. तेव्हा त्या बाबतीत काळजी नको.

कोल्हापूरच्या खाण्यावर बोलायचं म्हटलं की लोकांना तिखटच आठवतं. तुमच्या बंगळुरूतही 'व्हेज कोल्हापुरी' नावाची लालभडक भाजी मिळत असेल, जी आपल्या घरी कधी झाली नाही. मला तिखटाबद्दल बोलायचंच नव्हतं. ज्यांनी ही हॉटेलं, खानावळी, मिसळीच्या गाड्या सुरू केल्या त्यांना बोलतं करायचं होतं. सुरुवातीला मी सगळ्यांना मसाल्याबद्दल विचारायचे आणि सगळ्यांचं उत्तर एकच यायचं, "आमची चटणी घरची." पुढं काही नाही. मग उद्यमनगरात एका मिसळवाल्या काकांना सहज विचारलं, "पहिलं गिऱ्हाईक कोण होतं?" काकांनी हातातलं फडकं खाली ठेवलं आणि तासभर बोलत राहिले.

त्यांचे वडील कागलकडच्या खेड्यातून आलेले. फौंड्रीत कामाला लागायचं म्हणून आले, पण तिथली धग सोसेना. मग त्याच फौंड्रीच्या दारात स्टोव्ह मांडला. रात्रपाळी सुटायची त्या वेळी मटकीची उसळ, कट आणि जाड ब्रेड तयार. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे त्यांच्याच गावचा एक मोल्डर. त्यानं खाल्लं आणि पैसे पगाराला देतो म्हणाला. "धंद्याची सुरुवातच उधारीनं झाली बघा," काका सांगत होते. "पण त्यो दुसऱ्या दिवशी चौघांना घेऊन आला की." ती खात्याची वही अजून त्यांच्याकडे आहे. पानांवर आडनावं नाहीतच. 'पाटाकडचा', 'लेथवाला', 'बावड्याचा बाळू' अशी नोंद. ज्याच्या नावाची खात्री नाही त्यालाही उधार दिलेलं आहे. बाबा, तुम्ही आयुष्यभर हिशेब सांभाळलेत, ती वही तुम्ही हातात घ्यायला हवी होती.

मुलाखतीची वेळ ज्याच्या त्याच्या धंद्यावर ठरते. मिसळवाल्याकडे कट संपल्यावर जायचं, म्हणजे दुपारी. मटणाच्या खानावळीत दुपारची पंगत उठल्यापासून संध्याकाळची चूल पेटेपर्यंत, तीन ते पाच. भांडी घासायचा आवाज येतोच. पूर्वी मी तो काढून टाकायला बघायचे, आता राहू देते. ज्यांनी तिथं जेवण केलंय त्यांना तो आवाज ओळखू येतो.

आई, आता तुझ्यासाठी. राजारामपुरीच्या बाजूला एक मावशी आहेत, तुझ्याच वयाच्या. विद्यापीठात शिकायला आलेली चंदगड, गडहिंग्लज, राधानगरीकडची पोरं त्यांच्याकडे जेवायची. फलकावर नाव नवऱ्याचं, परवाना नवऱ्याच्या नावाचा. संस्थापक कोण, असं विचारल्यावर मावशींनी भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बोट केलं. मी तोच प्रश्न विचारला, पहिलं गिऱ्हाईक कोण? मग कळलं की नवऱ्याचं काम सुटल्यावर पाटल्या मोडून भांडी घेतली ती त्यांनी. पहाटे उठून रश्शासाठी मटणाची अळणी चढवायच्या त्या. नवरा बाजार करायचा आणि गल्ल्यावर बसायचा. तेही कामच आहे, मी कमी लेखत नाही. पण तांबडा-पांढरा ज्याच्या नावानं गावभर ओळखला जातो त्या माणसानं कधी रस्सा केलेलाच नव्हता.

पांढऱ्याबद्दल त्या जे बोलल्या ते तुला पटेल. नारळाचं दूध घातलं की आच मंद करायची, हात थांबवायचा नाही आणि उकळी फुटू द्यायची नाही, नाहीतर रस्सा फाटतो. त्यांच्या मदतनीस बाईकडून एकदा फाटला तेव्हा तीस-चाळीस ताटांचा पांढरा ओतून दिला, पण तसाच कुणाला वाढला नाही. आणि रस्सा पुन्हा पुन्हा वाढायचा, त्याचे वेगळे पैसे नाहीत. मी विचारलं, हे परवडतं कसं? मटण कुठल्या भावानं घ्यावं लागतं ते मला माहीत आहे. २०१९ च्या शेवटाला इथं मटणाच्या दरासाठी आंदोलन झालं, तेव्हा आपल्याही गल्लीत मटण बंद होतं, आठवतंय ना? त्यावर मावशी म्हणाल्या, "पोरं लांबनं आलेली. रस्सा काय वाटीनं मोजायचा व्हय?" मटणाचे तुकडे मोजून, रस्सा न मोजता. शहरातल्या कितीतरी खानावळींचा हिशेब असाच चालतो आणि मला त्यात मोठं शहाणपण दिसतं. पोट भरलेला पोरगा पुढच्या महिन्याचे पैसे आगाऊ देतो.

तो भाग मावशींच्या नावानं लावला. फलक त्यांनी बदललेला नाही आणि मी बदला म्हटलंही नाही. पण त्यांच्या नातीनं तो भाग घरातल्या सगळ्यांना ऐकवला, असं त्यांनी सांगितलं.

शाहूपुरीतल्या एका हॉटेलात मात्र मला बोलताच येईना. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर तुम्ही इथं असतानाचा. त्यांच्या स्वयंपाकघरात पाणी छातीपर्यंत होतं. फ्रीज गेला, गॅसच्या शेगड्या गेल्या, ते सगळं विमा आणि कर्ज काढून परत आलं. पण वर्षाची चटणी गेली. तुला सांगायला नको, कांदा-लसणाची चटणी वर्षातून एकदाच होते. मार्च-एप्रिलात मिरची वाळवायची, कांदा उन्हात सुकवायचा, खोबरं, तीळ, धने, लवंग, दगडफूल सगळं तेलात भाजून कांडायचं. ऑगस्टात ती कुठून करणार? बाहेर पाऊस, मिरची सादळलेली. बाजारातून आणून भागवू, असं मुलगा म्हणत होता. त्याच्या आईनं ऐकलं नाही. कागल, मुरगूड, हुपरी, जिथं जिथं नातेवाईक होते तिथून डबा-डबा चटणी गोळा केली. प्रत्येक घरची चव निराळी, म्हणून सगळी एका परातीत कालवली आणि दसऱ्याला हॉटेल उघडलं. जुन्या गिऱ्हाइकांना चवीतला फरक कळला. कुणी बोललं नाही, पण पहिल्या दिवशी सगळे आले. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा चटणीचे डबे माळ्यावर होते.

आणि बाबा, आता मूळ उत्तर.

गंगाराम कांबळ्यांची गोष्ट तुम्हीच मला लहानपणी सांगितलीत, भाऊसिंगजी रोडवरनं सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवून नेताना. राजवाड्याच्या पागेत काम करणारा माणूस. सवर्णांच्या हौदाला हात लावला म्हणून त्याला मारहाण झाली. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामना स्वतःचा धंदा काढायला सांगितलं, मदत केली. त्यांनी चहाचं हॉटेल काढलं, 'सत्यसुधारक'. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? मग महाराज स्वतः आपली गाडी तिथं थांबवायचे, चहा मागवायचे आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे. तुम्ही ती शाहू महाराजांची गोष्ट म्हणून सांगायचात आणि ती तशी आहेच. पण इतके हॉटेलवाले ऐकल्यावर मला ती गंगारामांची गोष्ट म्हणून ऐकू यायला लागली. महाराज चहा पिऊन गाडीत बसून निघून जात. दुसऱ्या दिवशी सकाळी चूल गंगारामनाच पेटवायची होती. दूध किती घ्यायचं? कपबश्या किती मांडायच्या? समोरून जाणारा माणूस आत येईल की मान वळवून पुढं जाईल? ज्याला नुकतीच मारहाण झालीय त्यानं भर रस्त्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर दुकान उघडून बसणं, याला काय लागलं असेल, ते मला कुठल्या पुस्तकातून कळलं नसतं. ते मिसळवाल्या काकांच्या वडलांच्या पहिल्या दिवसाबद्दल ऐकताना कळलं, आणि त्यांना तर फक्त गिऱ्हाईक येईल की नाही एवढीच धास्ती होती.

महाराज १९२२ साली गेले. म्हणजे हे सगळं शंभर वर्षांपूर्वीचं. या शहराच्या हॉटेलांचा इतिहास सांगायचा तर मी सुरुवात 'सत्यसुधारक'पासूनच करणार. मिसळ, तांबडा-पांढरा त्यानंतर.

त्यामुळं आता मी प्रत्येकाला आणखी एक प्रश्न विचारते. तुमच्याकडे कोण बसत नव्हतं? किंवा कुणाला बसू दिलं जात नव्हतं? काही जण विषय बदलतात. पंचगंगेपलीकडच्या एका गावातले हॉटेलमालक बराच वेळ गप्प बसले. मग सांगितलं की त्यांच्या आजोबांच्या हॉटेलात बाहेरच्या कोनाड्यात वेगळ्या कपबश्या असायच्या, ज्यानं त्यानं आपली धुऊन परत ठेवायची. वडलांनी धंदा हातात घेतल्यावर पहिल्यांदा त्या फोडून टाकल्या आणि त्यावरनं बापलेक वर्षभर बोलत नव्हते. रेकॉर्डिंग झाल्यावर मी त्यांना विचारलं, हे ठेवू का काढू? पुन्हा विचार करून सांगा म्हटलं. चार दिवसांनी त्यांचाच फोन आला. ठेवा म्हणाले. त्यांच्या मुलालाही हे ठाऊक नव्हतं.

बाबा, मला मिळतंय ते हे. ही माणसं सत्तरी-पंच्याहत्तरीची आहेत. त्यांच्या नंतरच्या पिढीला यातलं फार थोडं माहीत आहे, कारण दुपारी तीन ते पाच या वेळात त्यांच्याजवळ बसून कुणी विचारलंच नाही. लिहून ठेवलेलं तर काहीच नाही, उधारीच्या वह्या सोडल्या तर. मला हे काम मनापासून महत्त्वाचं वाटतं. उद्या माझा रेकॉर्डर बंद पडला तर मी उसना आणीन, पण हे थांबवणार नाही.

आता माझी तुम्हा दोघांकडे एक मागणी आहे.

आई, बाबांचा कारखाना बंद होता त्या काळात तू डबे करायचीस. मी तेव्हा बालवाडीत असेन. मला आठवतं ते एवढंच की पहाटे घरभर फोडणीचा वास असायचा, ओट्यावर डबे ओळीनं असायचे आणि त्यातल्या कशालाही मला हात लावू द्यायची नाहीस. बाबा सायकलच्या हँडलला दोन्हीकडे पिशव्या अडकवून निघायचे. कारखाना सुरू झाला आणि ते थांबलं. त्याबद्दल घरात कधी बोलणंच झालं नाही. दिवस वाईट होते म्हणून असेल. पण मी ज्यांना माईक लावते त्या मावशी आणि तू, यांत मला फरक दिसत नाही. फलक नव्हता एवढंच.

मला तुम्हा दोघांची मुलाखत हवीय. दोघांची म्हणतेय मी, कारण डबे पोचवल्याशिवाय तो धंदा झाला नसता. डब्याचा दर कुणी ठरवला, तेल-डाळीला पहिले पैसे कुठून आणले, कुणाचे बुडाले, कुणी न मागता जास्त दिले, हे सगळं सांगा. आणि आई, तुझा पहिला डबा कुणाकडे गेला ते.

गणपतीला तुम्ही इथं येणार आहात, तेव्हा नीट बसून करू. पण तोवर जे आठवेल ते दादाच्या फोनवर बोलून ठेवा. पंखा बंद करा, फोन तोंडापासून वीतभर लांब धरा आणि घरात बोलता तसंच बोला. शुद्ध वगैरे बोलायला जाऊ नका. जे बाहेर जायला नको वाटेल ते मला आधी सांगा, मी ते कुणाला ऐकवणार नाही. दोघांची आठवण जुळली नाही तरी चालेल, दोन्ही राहू देत.

बाबांची साखर तपासून घ्या या महिन्यात. आणि आई, चटणी कांडायच्या डंकावर यंदाचा नंबर मी लावून आलेय. मिरची पुढच्या रविवारी आणते. संकेश्वरी किती आणि ब्याडगी किती घ्यायची ते त्याआधी कळव, बाबांसाठी कमी तिखट वेगळी कांडायची असेल तर तेही सांग.

तुमची,
राणी