तक्रार पत्र: वॉरंटीतच कळवलेला बिजागरीचा दोष आणि वॉरंटी संपल्यावर नाकारलेली दुरुस्ती

सांगली, नोव्हेंबर 2025

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक आणि ग्राहक सेवा विभाग प्रमुख

विषय: लॅपटॉपच्या पडद्याची बिजागरी उखडणे, हा रचनेतील दोष असूनही 'बाह्य आघात' असा शेरा मारून दुरुस्ती नाकारणे.

महोदय,

आपल्या ग्राहक सेवा विभागातील पर्यवेक्षकांशी काल सायंकाळी झालेल्या बोलण्यानंतर फोनवरून काही निष्पन्न होईल ही आशा मी सोडली आहे, म्हणून हे पत्र थेट आपल्याला पाठवत आहे. लॅपटॉपचे मॉडेल, अनुक्रमांक, खरेदीचे बिल, सेवा केंद्राची जॉब शीट आणि आधीच्या सर्व तक्रारींचे क्रमांक सोबतच्या पानांवर आहेत. तेच पुन्हा विचारण्यासाठी कृपया कोणालाही मला फोन करायला सांगू नये.

जून 2024 मध्ये सांगलीतील आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून 52,990 रुपयांना घेतलेल्या या लॅपटॉपची डावी बिजागरी ऑगस्ट 2025 मध्ये मागच्या आवरणातून उखडून आली. वॉरंटी जूनमध्ये संपली होती. आपल्या विभागाचे सगळे उत्तर या एका वाक्यात आहे आणि माझी तक्रार त्याच्या आधीच्या काळातली आहे. एप्रिल 2025 मध्ये, म्हणजे वॉरंटी चालू असताना, झाकण उघडताना डाव्या कोपऱ्यातून करकर आवाज येतो आणि पडद्याची चौकट व मागचे आवरण यांच्यात नखभर फट पडली आहे, अशी तक्रार मी छायाचित्रांसह लेखी नोंदवली होती. त्यावर आलेले उत्तर असे होते की हा केवळ दिसण्यातला दोष आहे, कामावर त्याचा परिणाम होत नाही, त्यामुळे तो वॉरंटीत बसत नाही. तीच फट रुंदावत जाऊन बिजागरी उखडली, तेव्हा त्याच विभागाने सांगितले की हे बाह्य आघाताने झालेले नुकसान आहे आणि शिवाय वॉरंटीही संपली आहे. एप्रिलमध्ये तो दोष बसत नव्हता कारण तो फार लहान होता आणि ऑगस्टमध्ये बसत नव्हता कारण तो फार मोठा झाला होता. मग वॉरंटीत बसण्याइतका तो नेमक्या कोणत्या तारखेला होता, हे मला आपल्याकडून लेखी हवे आहे.

बिजागरी कशी बसवली आहे हे आपल्याला मी सांगण्याची गरज नाही, तो आराखडा आपल्याच कंपनीचा आहे. पोलादी बिजागरीचे स्क्रू ज्या पितळी बुशांत जातात, त्या बुशा प्लॅस्टिकच्या छोट्या खुंट्यांत गरम करून दाबलेल्या असतात, आणि झाकण उघडताना व मिटताना बिजागरीचा सगळा पीळ त्या खुंट्यांवर येतो. बिजागरी घट्ट आणि खुंट्या कमकुवत असतील, तर लॅपटॉप कितीही जपून वापरला तरी पहिले तुटणार ते प्लॅस्टिकच. माझ्या लॅपटॉपमध्ये नेमके तेच झाले आहे. चारही स्क्रू आजही बुशांत घट्ट आहेत, बुशा शाबूत आहेत, बिजागरीचे पोलाद वाकलेले नाही, फक्त खुंट्या मुळापासून निघून आल्या आहेत. लॅपटॉप पडला असता किंवा त्याला मार लागला असता, तर कोपऱ्यावर खोक पडली असती, कड चेपली असती, पडद्याला तडा गेला असता. यांतले काहीही नाही. आता पडद्याकडे जाणारी वायर त्या मोकळ्या बिजागरीजवळ दबू लागल्याने झाकण थोडे हलले की चित्र थरथरते.

सांगलीत आपले सेवा केंद्र आता नसल्यामुळे हा लॅपटॉप मला कोल्हापूरला न्यावा लागला. मी विश्रामबागेत राहतो, एकट्याने हिशेबनिशी आणि जीएसटीची कामे करतो, आणि माझे बहुतेक अशील मार्केट यार्डातील हळदीचे व बेदाण्याचे व्यापारी आहेत. प्रत्येक महिन्याच्या 11 आणि 20 तारखेच्या आत त्यांची विवरणपत्रे भरावी लागतात आणि उशीर झाला तर दर दिवसाचे विलंब शुल्क त्यांना बसते, त्यामुळे लॅपटॉप केंद्रावर सोडून येणे माझ्यासाठी साधी गोष्ट नव्हती. तेथील तंत्रज्ञाने माझ्यासमोर आवरण उघडले, निघालेल्या खुंट्या मला दाखवल्या आणि या मालिकेतले असे बरेच लॅपटॉप येतात, हे स्वतःहून सांगितले. त्याने मनापासून खरे ते सांगितले याबद्दल मी त्याचा आभारी आहे, आणि या पत्रामुळे त्याच्यावर कोणतीही कारवाई होऊ नये अशी माझी स्पष्ट विनंती आहे. मात्र छापील जॉब शीट हातात आली तेव्हा तिच्यावर 'बाह्य आघात, ग्राहकाकडून झालेले नुकसान' असे लिहिलेले होते. मी विचारले तेव्हा त्याने मान खाली घालून एवढेच सांगितले की संगणकात बिजागरीसाठी दुसरा पर्यायच दिलेला नाही.

दुरुस्तीचा अंदाज 21,900 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 25,842 रुपये. तुटले आहे ते मागचे प्लॅस्टिकचे आवरण, पण आपली कंपनी ते सुटे देत नाही, पडद्यासह संपूर्ण झाकणच बदलावे लागेल असे सांगण्यात आले. चांगला, उजळ, एकही डाग नसलेला पडदा काढून टाकायचा आणि त्याची किंमत ग्राहकाने भरायची, कारण त्यामागचा प्लॅस्टिकचा तुकडा कंपनी विकत नाही! तपासणी शुल्क म्हणून 590 रुपये माझ्याकडून त्याच दिवशी घेतले गेले. ज्या तपासणीचा निष्कर्ष संगणकातील यादीने आधीच ठरवून ठेवलेला होता, त्या तपासणीचे शुल्क मी का द्यावे?

आता कालच्या फोनबद्दल. बराच वेळ संगीत ऐकवल्यानंतर मला पर्यवेक्षकांशी जोडण्यात आले. त्यांनी माझ्या तक्रारीचा क्रमांक घेतला, पण ती वाचली नव्हती हे त्यांच्या पहिल्याच प्रश्नावरून कळले. लॅपटॉप केव्हा पडला, असे त्यांनी विचारले. तो पडलेला नाही असे मी सांगितल्यावर त्यांनी विचारले की घरात लहान मुले आहेत का. नाहीत असे सांगितल्यावर, आपण लॅपटॉप एका हाताने उघडता का, असा प्रश्न आला. मी विचारले की तो दोन हातांनीच उघडावा असे आपल्या कोणत्या पुस्तिकेत लिहिले आहे. त्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "सर, दिवसातून किती वेळा उघड-मीट करता?" मी सांगितले की माझे कामच दुकानादुकानांत जाऊन करायचे आहे, त्यामुळे जितक्या वेळा काम असते तितक्या वेळा तो उघडतो. तेव्हा त्यांच्या आवाजात समाधान आले. "मग तेच कारण आहे, सर. वापर जास्त आहे." उघडण्या-मिटण्यासाठीच बनवलेला भाग उघडल्या-मिटल्याने तुटला, हे त्यांनी मला माझ्याविरुद्धचा पुरावा म्हणून ऐकवले.

एप्रिलमधली तक्रार मी त्यांना क्रमांकासह वाचून दाखवली. ती 'निकाली' आहे, असे ते म्हणाले. ती निकाली कशी निघाली, कोणी पाहिले, कोणी दुरुस्त केले, असे विचारल्यावर उत्तर असे आले की निकाली निघालेली तक्रार पुन्हा उघडता येत नाही. मग मी शेवटचा प्रश्न विचारला. पन्नास हजारांहून जास्त किमतीच्या वस्तूची बिजागरी चौदा महिन्यांत उखडावी, हे आपल्या कंपनीला योग्य वाटते का? त्यावर ते जे म्हणाले ते मी त्याच वेळी लिहून ठेवले. "सर, एक वर्षाची वॉरंटी म्हणजे कंपनीची खात्री एक वर्षाची आहे. त्यापुढे ते नशीब." यानंतर त्यांनी मला जुन्याच्या बदल्यात नवा लॅपटॉप घेण्याची योजना सांगायला सुरुवात केली, आणि फोन ठेवल्यावर काही मिनिटांतच आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे असा संदेश आला. ज्याला नशिबावर सोडून देण्यात आले, त्याचे समाधान झाले असे परस्पर नोंदवण्याचा अधिकार आपल्या विभागाला कोणी दिला?

हे वाक्य एका दमलेल्या कर्मचाऱ्याच्या तोंडून निसटले असे मानायला मी तयार होतो. परंतु एप्रिलमधले उत्तर, जॉब शीटवरचा शेरा आणि कालचे बोलणे एकत्र वाचले की कंपनीचे धोरणच तसे आहे असे दिसते, आणि म्हणूनच मला अधिक वाईट वाटते. माझ्या शब्दावर यार्डातील काही अडत्यांनी आणि माझ्या भाच्याने आपल्याच कंपनीचे लॅपटॉप घेतले आहेत. आमच्या शेजारी मिरजेत तंतुवाद्ये बनवणारे कारागीर स्वतःच्या हातचा तानपुरा कित्येक वर्षांनी परत आला तरी त्याचा जोड का सुटला हे आधी पाहतात. आपल्या कंपनीने मात्र आधी बिलावरची तारीख पाहिली.

वॉरंटी संपल्यावर कोणी काही करत नसते, असे आपल्या लोकांनी मला अनेकदा ऐकवले. ते खरे नाही. कीबोर्डची बटणे अडकण्याची आणि अक्षरे दोनदा उमटण्याची तक्रार वाढली तेव्हा ॲपलने 2018 मध्ये ठरावीक मॅकबुकचे कीबोर्ड खरेदीपासून चार वर्षांपर्यंत विनामूल्य दुरुस्त करून देण्याची योजना जाहीर केली आणि ज्यांनी आधीच पैसे भरले होते त्यांना परतावा मागण्याची सोय केली. इंटेलने 2024 मध्ये तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधील अस्थिरतेचा दोष समोर आल्यावर त्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. दोष रचनेतला किंवा निर्मितीतला आहे हे एकदा मान्य केले की वॉरंटीची तारीख आड येत नाही, हे या क्षेत्रातील मोठ्या कंपन्यांनी करून दाखवले आहे. आपल्याकडेही केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या अधिकारासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले, ज्यात मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू हे एक प्रमुख क्षेत्र आहे. सुटे भाग न देणे ही आपली अंतर्गत बाब आहे, असे यापुढे सांगू नये.

ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 मधील 'दोष' या शब्दाच्या व्याख्येत वस्तूच्या गुणवत्तेतील आणि दर्जातील उणीव येते, आणि हा दर्जा स्पष्ट कराराने जसा अपेक्षित असतो तसा गर्भित करारानेही असतो. लॅपटॉपचे झाकण उघडता-मिटता यावे, हा तो गर्भित करार आहे. मी व्यवसायासाठी लॅपटॉप वापरतो म्हणून ग्राहक नाही, असे सुचवण्याचा प्रयत्नही झाला. स्वयंरोजगाराने केवळ उपजीविकेसाठी वस्तू घेणारी व्यक्ती ग्राहकच आहे, हे त्याच अधिनियमात नमूद आहे. तक्रार मला माझ्या राहत्या ठिकाणी, म्हणजे सांगलीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगापुढे दाखल करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिला शुल्क लागत नाही, आणि गरज पडल्यास आयोग वस्तू तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवू शकतो. त्या प्रयोगशाळेच्या संगणकातील यादी आपल्या विभागाने तयार केलेली नसेल.

माझी मागणी अशी आहे की मागचे आवरण आणि दोन्ही बिजागऱ्या आपल्या खर्चाने बदलून द्याव्यात, पडद्याची वायर तपासून द्यावी, आणि हे काम करताना माझ्या डिस्कवरील अशिलांच्या नोंदींना हात लावू नये, कारण बिजागरी बसवण्यासाठी त्या पुसण्याची संमती मागणारा आपला अर्ज मी भरणार नाही. जॉब शीटवरील 'ग्राहकाकडून झालेले नुकसान' हा शेरा लेखी मागे घ्यावा. एप्रिलमधील तक्रार कोणत्या तपासणीच्या आधारे बंद केली त्याची नोंद मला द्यावी. तपासणीचे 590 रुपये परत करावेत. आणि हे आवरण सुटे मिळू लागावे, म्हणजे ज्यांची बिजागरी उद्या उखडेल त्यांना चांगला पडदा टाकून द्यावा लागणार नाही.

हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवत आहे. ते मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवून मी आयोगाकडे अर्ज दाखल करीन, आणि तेथे वस्तूची किंमत, मनस्ताप व खर्च या तिन्हींची मागणी करीन. सांगलीतील एका दुरुस्तीवाल्याने निघालेल्या खुंट्या चिकटवून काम चालवून देण्याची तयारी दाखवली आहे, पण तोपर्यंत मी लॅपटॉप त्याच्याकडे देणार नाही. खुंट्या जशा निघाल्या तशाच राहतील, आणि आपला अधिकारी त्या पाहायला सांगलीत येणार असेल तर त्याने आदल्या दिवशी कळवावे.

आपला,
एक ग्राहक
विश्रामबाग, सांगली

सोबत: खरेदीचे बिल, एप्रिल 2025 ची तक्रार व तिचे उत्तर, जॉब शीट, दुरुस्तीचा अंदाज, तपासणी शुल्काची पावती, बिजागरीची छायाचित्रे