साखळीच्या रेडिओवाल्या काकांस, एका माशाच्या घरातून

रेडिओवाले काका,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर बाजारातून जाताना तुमच्या दुकानाचं शटर बंद दिसलं. दोन-तीन दिवस तसंच दिसल्यावर शेजारच्या फुलवाल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, काका मुलाकडे बेळगावला गेले, आता दुकान उघडायचे नाहीत. मी तिथंच थोडा वेळ उभी राहिले. तुमचे आभार मानायचे राहून गेलेत, हे दोन पावसाळे मनात होतं. साखळीतच तर आहेत, जाऊ एकदा निवांत, असं म्हणत गेले आणि तुम्ही गाव सोडून गेलात. पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे पत्र उघडच लिहिते आहे. तसं लिहिण्याला आणखी एक कारण आहे. मासे पाळणारी मंडळी मला विचारतात की आमच्याकडचा ब्लॅक घोस्ट, म्हणजे काळा नाइफ फिश, जगला कसा. त्याचं उत्तर द्यायला लागलं की दुसऱ्या वाक्यात तुम्हीच येता.

तुम्हाला आठवतं का, श्रावणातला तो दिवस? मी बँकेतून सुटून, कदंबा बसमधून उतरून, पिशवीत हवेचा पंप घेऊन तुमच्याकडे आले होते. छत्री उलटी झालेली, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. तुम्ही पंप उघडलात, आतलं फाटलेलं रबर दाखवलंत आणि विचारलंत, "नुस्तें खंयचें?" मासा कुठला? मी म्हटलं, नाइफ फिश, काळा. तुम्ही हातातलं पेचकस खाली ठेवलंत. "कितें खाता? टाकी केदी? उदक खंयचें?" काय खातो, टाकी केवढी, पाणी कुठलं, असे प्रश्नांवर प्रश्न. आणि मी तुटकपणे म्हणाले, "काका, तुम्ही पंप तेवढा करून द्या, माशाचं मी बघते." हे वाक्य मला अजून बोचतं. त्याबद्दल आधी माफी मागते, मग आभार.

घरची हालत तेव्हा तुम्हाला सांगितली नव्हती. धाकट्याच्या वाढदिवसाला त्याच्या हट्टापायी दोन फुटी टाकी आणली होती, जेमतेम पन्नास लिटरची. एकाच दिवशी टाकी, खडी, नळाचं पाणी आणि संध्याकाळी मासे. दुकानदार म्हणाला होता की हा बोटभरच राहतो, काही करावं लागत नाही. शेपटीवर दोन पांढरी कडी, नाकापासून पाठीवर गेलेला पांढरा पट्टा आणि पोटाखाली डोक्यापासून शेपटीपर्यंत लाटेसारखी हलणारी एकच झालर. पोराने त्याच्यासाठी बाकी सगळे मासे नाकारले. दहाव्या दिवशी तो मासा कुशीवर पडला. अंगावर पांढुरकी साय धरल्यासारखी दिसत होती. दुकानदाराने फोनवर सांगितलं, पांढरे डाग आलेत, औषध घाला, आणि एक निळी बाटली दिली. त्यातच पंप बंद पडला. पंप दुरुस्त करून आणायचा आणि रात्री ती बाटली ओतायची, असं ठरवूनच मी तुमच्याकडे आले होते.

तुम्ही पंपाचे, म्हणजे नुसत्या रबराचे पैसे घेतलेत आणि सात वाजता दुकान बंद करून स्कूटरवरून माझ्या मागोमाग घरी आलात. बोलावलेलं नसताना. पावसात.

टाकीपाशी येऊन तुम्ही पहिलं वाक्य बोललात ते आमच्या घरात आता म्हणीसारखं झालंय. "वखद घालूं नाका गो बाय. पयलीं उदक पळय." औषध घालू नकोस, आधी पाणी बघ. तुम्ही बाटलीवरचं लेबल चष्मा वर करून वाचलंत. तांबं असलेलं औषध. या माशाची कातडी इतकी नाजूक की तांब्याची पूर्ण मात्रा त्याला सोसत नाही, इतर माशांचं औषध त्याला विष होऊ शकतं, हे तुम्ही मला सांगितलंत. मग टॉर्च मारून बघितलंत. पांढरे डाग असते तर रव्याच्या कणांसारखे सुटे सुटे दिसले असते. इथे कण नव्हते, कातडीची आग झाल्यावर सुटणारा चिकट पदर होता. आणि कुशीवर पडणं? ते तर या माशाचं झोपणं! दिवसा नळीत, दगडाला टेकून, वेडावाकडा पडून राहणं हा त्याचा स्वभाव. मी दोन दिवस ज्या गोष्टीने रडकुंडीला आले होते ती आजाराची खूणच नव्हती. खरी खूण वेगळी होती, आणि ती तुम्ही बघितलीत. त्याचे कल्ले भरभर हलत होते आणि मधूनच तो पाण्याच्या वरच्या पातळीला येत होता.

तेव्हा तुम्ही सांगितलेलं एक मी पुष्कळांना पुढे सांगते. गंगा-ब्रह्मपुत्रेत आपला जो चितळ मासा आहे, किंवा थायलंडकडून येणारा ठिपक्यांचा क्लाउन नाइफ, ते वर येऊन हवेचा घोट घेतात, तसं करणं त्यांच्या घराण्यातच आहे. ॲमेझॉनचा हा ब्लॅक घोस्ट त्या घराण्यातला नव्हे. दोघांचा आकार सुरीसारखा म्हणून नाव सारखं, बाकी जवळचं नातं काही नाही. त्यामुळे ब्लॅक घोस्ट वर येऊन धापा टाकायला लागला तर पाण्यात काहीतरी बिनसलंय एवढंच समजायचं. (क्लाउन नाइफ मीटरभर वाढतो आणि तोंडात मावेल ते गिळतो, हे ऐकून धाकट्याने तोही आणायचा हट्ट त्याच क्षणी सोडला. त्याबद्दलही आभार.)

मग तुम्ही खिशातून ती बारकी काचेची नळी काढलीत. पाच मिलिलिटर पाणी, त्यात थेंब मोजून, झाकण लावून हलवलंत आणि आमच्या भिंतीवरच्या घड्याळात वेळ लावलीत. पिवळं यायला हवं होतं. हिरवं आलं, गडद हिरवं. "हें पळय, तो आपल्याच मुतांत बसला," म्हणालात तुम्ही, आणि मला हसू आलं नाही. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो, तो पचवणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वाढायला चार-सहा आठवडे लागतात, आणि आमची टाकी दहा दिवसांची. त्यात पंप बंद.

पिंपात सकाळी भरून ठेवलेलं बांयचं, म्हणजे विहिरीचं, पाणी होतं. तुम्ही तेही तपासलंत आणि तुमच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं. आमच्या परसातली बांय चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या, खडकातली. चिऱ्यातून झिरपलेलं पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं, आणि ॲमेझॉनच्या ज्या ओहोळांतून हा मासा येतो तिथलंही तसंच. दहा दिवस आम्ही त्याला क्लोरीनचं नळाचं पाणी देत होतो आणि त्याच्या मुलखाच्या जवळचं पाणी मागच्या दारी होतं! वर, अशा पाण्यात अमोनियाचा दाहही मंद पडतो. त्या रात्री एक तृतीयांश पाणी बदललंत, मला सकाळी पुन्हा तेवढंच बदलायला सांगितलंत, एकदम सगळं नाही. आणि मग तुमच्या घरच्या टाकीतल्या फिल्टरच्या स्पंजाचा एक तुकडा, डब्यात पाणी घालून आणलेला, आमच्या फिल्टरमध्ये बसवलात. मी विचारलं हे कशाला. तुम्ही म्हणालात, "दुधाक मुरवण लायतात न्हय?" दह्याला विरजण लावावं तसं टाकीला जिवाणूंचं विरजण. इतकं सोपं मला आजवर कुणी समजावलं नव्हतं. तो स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, एवढं बजावून तुम्ही गेलात.

मऊ पाण्याचा एक धोकाही तुम्ही तेव्हाच सांगितलात, की ते स्वतःला सावरू शकत नाही, आम्लता अचानक वाढू शकते. त्यावर तुमचा उपाय म्हणजे रविवारी जेवणात खाल्लेल्या तिसऱ्या मासळीच्या शिंपल्या. उकळून, घासून, वाळवून चार शिंपल्या फिल्टरमध्ये. हळूहळू विरघळतात आणि पाणी तोलून धरतात. आमच्याकडे त्या अजून आहेत, दर दोन-तीन महिन्यांनी बदलते.

चार दिवसांनी नळीतलं पाणी पोपटी झालं, दोन आठवड्यांनी पिवळं. माशाच्या अंगावरची साय गेली आणि तो पुन्हा मखमलीसारखा काळा दिसू लागला. पण खाईना. कोरडं खाद्य तसंच तरंगत राहायचं. पुन्हा तुमच्या दुकानाची पायरी चढले. तुम्ही म्हणालात, तो रात्री जेवतो, सगळ्या लाइटी बंद करा, आणि त्याला जेवण पाहिजे, पापड नको. मग कुळागरातली, म्हणजे सुपारीच्या बागेतली, गांडुळं, फवारणी नसलेल्या जागेतली, स्वच्छ धुऊन बारीक कापलेली. कधी मीठ न लावलेल्या सुंगटाचा, म्हणजे कोळंबीचा, नखाएवढा तुकडा, कधी गोठवलेले ब्लडवर्म, म्हणजे लाल अळ्या. तिसऱ्या रात्री अंधारात बसलो होतो, मी आणि धाकटा. तो मासा शेपूट पुढे करून, उलट्या दिशेने, नळीतून बाहेर आला. गांडुळाच्या तुकड्याला वळसा घातला, मागे सरकत सरकत अंदाज घेतला आणि मग तोंड वळवून उचललं. आता तो धाकट्याच्या बोटांतून खातो.

नळीही तुम्हीच दिलीत. पीव्हीसीच्या पाइपाच्या कडा कानशीने घासून गुळगुळीत केलेल्या, आणि दुसरी पारदर्शक प्लास्टिकची. पारदर्शक नळीत तो आपण लपलोय असं समजून निवांत राहतो आणि आपल्याला दिसतोही. डोळ्यांवर त्याचा फारसा भरवसाच नाही. का नाही, ते तुम्ही आम्हाला ऐकवलंत, आणि काका, या पत्रात मला सगळ्यात जास्त त्या संध्याकाळबद्दल लिहायचं होतं.

चतुर्थीच्या आधीचा रविवार होता. माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांचं, सामान वसरीवर पसरलेलं. तुम्ही एक छोटा ॲम्प्लिफायर आणलात, बॅटरीवर चालणारा, एक स्पीकर आणि दोन लांब वायरी. वायरींची टोकं सोलून टाकीच्या दोन बाजूंना पाण्यात सोडलीत. आधी नुसता जाड घुंईं असा आवाज आला. तुम्ही म्हणालात, हा मासा नव्हे, ही आपली वीज, सेकंदाला 50 आवर्तनांची. ट्यूबलाइट बंद करायला लावलीत, पंपाचा प्लग काढलात, फ्रिजसुद्धा. घर शांत झालं. आणि मग स्पीकरमधून एक बारीक, सरळ, न तुटणारा सूर आला. कुणीतरी हार्मोनियमची वरची एकच पट्टी दाबून धरावी तसा. सेकंदाला हजाराच्या आसपास स्पंदनं, दिवसरात्र, जन्मभर. मासा वळला की आवाज लहान-मोठा व्हायचा. धाकट्याने विचारलं, शॉक लागेल का? तुम्ही हात पाण्यात घातलात आणि त्याचाही घालायला लावलात. काहीच नाही. इतकी क्षीण वीज, की आपल्या कातडीला कळत नाही, पण त्याच्या कातडीला त्या विजेत पडलेली गांडुळाएवढी सावलीही कळते. म्हणूनच अंधारात त्याचं काही अडत नाही. म्हणूनच तुम्ही लहान टाकीत दुसरा ब्लॅक घोस्ट आणू दिला नाहीत. दोघांचे सूर जवळ आले की एकमेकांच्या दिसण्यात गोंधळ होतो, मग ते सूर बदलून वाट काढू बघतात, आणि लहान जागेत भांडतात.

तुम्ही आयुष्यभर रेडिओत स्टेशनं शोधलीत. त्या संध्याकाळी तुमच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी विसरणार नाही. माझा मुलगा त्या दिवसापासून विज्ञानाचं पुस्तक स्वतःहून उघडतो.

आणि तुम्ही खरं बोललात, त्याचे आभार वेगळे मानते. दोन फुटी टाकीत हा कायमचा राहणार नाही, हातभर वाढायचा प्राणी आहे आणि दहा वर्षं तरी जगेल, हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत. परवडणार नसेल तर मी चांगलं घर शोधून देतो, पण वाळवंटी नदीत सोडायचा नाही, असं धाकट्याकडून वचन घेतलंत. नदीतल्या माशांचं घर ते, तिथे परका मासा नको. गेल्या मे महिन्यात आम्ही पाच फुटी टाकी घेतली, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. भरली की साडेपाचशे लिटर. मेस्तांकडून सागवानी पाट्यांचा नव्हे, लोखंडी अँगलचा स्टँड करून घेतला, तुमच्या म्हणण्याप्रमाणे. जुना स्पंज नव्या टाकीत गेला, म्हणजे तुमचं विरजण अजून चालू आहे. त्यातला तुकडा मी डिचोलीच्या दोन घरांत दिलाय.

या जूनमध्ये पहिल्याच वादळात रात्री अकरा ते पहाटे पाच लाइट गेली होती. बॅटरीचा पंप तयार होता. सकाळी वीज आल्यावर आधी फिल्टरमधलं कोंडलेलं पाणी बाहेर ओतलं, मग चालू केला. हेही तुम्हीच शिकवलेलं.

मासा आता वीतभर झालाय. तुमचा ॲम्प्लिफायर आणि त्या दोन वायरी आमच्याकडेच राहिल्यात, न्यायला आलातच नाहीत. शोकेसमध्ये नीट ठेवल्यात, बॅटरी काढून. चैत्रात विठ्ठलाच्या उत्सवाला साखळीला याल ना? काकींनाही घेऊन या. सांजवेळी आलात तर लाइटी बंद करून बसू, फ्रिजसकट.

तुमची,
पावसात पंप घेऊन आलेली